न लिहिलेल्याची जबाबदारी

गेल्या दिवाळीत पुतणी नागपूरहून बोरगावला आली होती. ती संगणकक्षेत्रात काम करते. चार-पाच कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही जन्मभर परिपत्रके वाचलीत. हे कसे लिहिले आहे, जरा बघा ना."

ते एका यंत्रसाधनाचे माहितीपत्रक होते. विद्यार्थ्यांच्या वर्गप्रवेशाचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या 'एजंट'कडे सोपवण्याचे प्रयोग आता होत आहेत. पालकाने साध्या भाषेत सांगावे. एजंटाने जागा पाहावी, नाव घालावे, नाव काढावे. त्यासाठी प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला लागणारी माहिती लिहून द्यावी लागते. ते वाचूनच कोणते साधन केव्हा वापरायचे, हे तो ठरवतो. म्हणजे हा कागद माणसापेक्षा यंत्रानेच अधिक वाचायचा.

भाषा सफाईदार होती. तरी एका ओळीशी मी थबकलो. 'नाव काढणे : विद्यार्थ्याचे नाव वर्गातून काढते.' एवढेच! काढलेले नाव परत घालता येते काय? मोकळी झालेली जागा तत्क्षणी प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला जाते काय? कोणाची संमती लागते? एकाच नावाचे दोघे निघाले तर थांबून विचारायचे, की पहिल्यावरच बोट ठेवायचे? कागद गप्प होता.

मला नोकरीतला एक पावसाळा आठवला. छात्रावासाच्या यादीवर मी सही करत होतो. सात दिवसांत हजर न होणाऱ्याचे नाव कमी करावे, असा आदेश होता. एका मुलाच्या नावावर लेखणी टेकवली, तोच चहा घेऊन आलेला शिपाई म्हणाला, "साहेब, त्याच्या गावचा नाला चार दिवस भरून वाहतो आहे." लेखणी थांबली. मुलगा तिसऱ्या दिवशी आला. आदेश चुकीचा नव्हता, अपुरा होता. त्याची उणीव शिपायाने भरून काढली. पुढे मीही अनेक आदेश असेच अपुरे काढले असतील, आणि प्रत्येक ठिकाणी असा शिपाई उभा असेलच, असे नाही.

आपली सारी व्यवस्था न लिहिलेल्या शहाणपणावर चालत आली. यंत्राला नाल्याचा पूर दिसत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, सूचना अपुरी असली तर ते नेहमी थांबतेच असे नाही. अंदाजाने रिकामी जागा भरते आणि तितक्याच आत्मविश्वासाने काम उरकते.

आपल्यासारख्या मराठी घरांना याची झळ अधिक लागेल. हिंदीच्या कागदांवर 'ळ' टिकत नाही. घरचे 'काळे' दाखल्यावर 'काले' होतात. माणूस ते पाहून हसतो आणि पुढे जातो. यंत्र त्यांना दोन निराळे विद्यार्थी समजू शकते. आणि बोरगाव नावाची गावे तरी किती!

कोणी म्हणेल, सगळेच कसे लिहिता येईल? खरे आहे. प्रत्येक नाल्याचा पूर परिपत्रकात मावत नाही, आणि शंभर कलमांच्या गर्दीत नेमके कलम हरवते. परंतु कोणते कृत्य परत फिरवता येत नाही आणि कोठे थांबून माणसाला विचारायचे, या दोन गोष्टी निश्चित लिहिता येतात. महाराष्ट्रात २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावे लागते. नियम कठोर आहे. पण परिणाम आधी सांगितलेला असल्याने पालक विचार करून पसंती भरू शकतो. न सांगता तोच नियम लावला असता, तर ती फसवणूक ठरली असती.

मग चूक झाली तर दोष कोणाचा? २०२४ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या एका न्यायाधिकरणापुढे असाच प्रश्न आला होता. आजी वारलेल्या एका प्रवाशाला 'एअर कॅनडा'च्या संवादयंत्राने सवलतीच्या भाड्याविषयी चुकीची माहिती दिली. आपले यंत्र स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा युक्तिवाद कंपनीने केला. न्यायाधिकरणाने तो मानला नाही, भरपाई द्यायला लावली. 'खालच्याने केले' ही सबब आम्हा अधिकाऱ्यांच्या चांगल्या परिचयाची. आता खालच्याच्या जागी यंत्र आले, इतकेच.

समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक सबंध समास खर्च केला. आपण त्याला सुंदर हस्ताक्षराचा धडा समजतो. मला त्यात वाचणाऱ्याविषयीची काळजी दिसते. जो उलट प्रश्न विचारू शकत नाही, त्याच्यासाठी लिहिताना ही काळजी दुप्पट हवी. कारण त्याच्या पलीकडे एक मूल उभे असते आणि त्याने तो कागद कधीच पाहिलेला नसतो.

मी समासात लिहिले : 'नाव काढण्यापूर्वी विद्यार्थ्याचा क्रमांक पडताळावा, परिणाम पालकास सांगावा, होकार घ्यावा. शंका असल्यास थांबावे.' पुतणी म्हणाली, "काका, चारच ओळी?"

म्हटले, "हो. पण चौथी विसरू नकोस."