संमती आहे, न्यायही आहे का?

पती-पत्नी दोघांनाही वेगळे व्हायचे आहे. वाद नाही, आरोप नाहीत. अशा वेळी न्यायालयाची पायरी चढावीच लागते का, असा प्रश्न अनेक कुटुंबांत विचारला जातो. इस्लामी शरीअतनुसार, चढावी लागत नाही. दोघांच्या संमतीने निकाहचे बंधन संपविण्याला ‘मुबारात’ म्हणतात. पत्नी महर परत करून किंवा त्यावरील हक्क सोडून पतीकडून सुटका मागते, तेव्हा तो ‘खुला’ होय. भारतातील १९३७ च्या शरीअत कायद्यातही या दोहोंचा नावानिशी उल्लेख आहे.

परंतु मार्ग मोकळा असणे वेगळे आणि त्यावरून न्यायाने चालणे वेगळे. न्यायालयात न्यायाधीश काही प्रश्न विचारतो: संमती दबावाखाली तर दिलेली नाही ना? महर अदा झाला का? मुलांची व्यवस्था काय? घरात बसून फारकत करताना हे प्रश्न कोण विचारणार? श्रद्धावंताने ते स्वतःलाच विचारावयाचे आहेत. न्यायाधीश समोर नसला तरी अल्लाह पाहतो आहे, ही जाणीव येथेच कसाला लागते.

मौन म्हणजे संमती नव्हे, आणि थकवा म्हणजे राजीखुशी नव्हे. वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेली स्त्री ‘मला काहीही नको, फक्त मोकळे करा’ असे म्हणते, तेव्हा ती हक्क सोडते की हक्काची आशा सोडते? कागदावर दोन्हींची सही सारखीच दिसते. म्हणूनच हनफी फिकहच्या विद्वानांनी म्हटले आहे की, दुरावा पतीच्या बाजूने असेल तर खुलाच्या बदल्यात पत्नीकडून काही घेणे मकरूह आहे. पत्नीला विपुल संपत्ती दिली असली तरी ती परत घेऊ नये, अशी ताकीद सूरह निसामध्ये (४:२०) आहे. त्यापुढील आयतीत निकाहला दृढ करार म्हटले आहे.

साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीचा प्रसंग हदीसमध्ये प्रसिद्ध आहे. पतीच्या धर्माचरणाविषयी वा स्वभावाविषयी तिची तक्रार नव्हती. तरीही तिला त्या संसारात राहणे शक्य नव्हते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिला दोषी ठरविले नाही. महर म्हणून मिळालेली बाग परत करशील का, एवढेच विचारले आणि साबित यांना ती स्वीकारून तिला मुक्त करण्यास सांगितले. बागेपेक्षा अधिक घेऊ नये, असेही एका कथनात आले आहे. येथे स्त्रीच्या इच्छेचा मान राखला गेला आणि पुरुषाच्या अपेक्षेला मर्यादाही घातली गेली.

वेगळे होण्यापूर्वी दोन्ही घराण्यांतून एकेक पंच नेमून समेटाचा प्रयत्न करण्याची शिकवण कुरआन (४:३५) देतो. विभक्त होताना दोन न्यायी साक्षीदार ठेवण्यास सांगतो (६५:२). नांदवायचे तर भलेपणाने आणि सोडायचे तर उपकारभावनेने, हा त्याचा निकष आहे (२:२२९). म्हणून करारनाम्यात महर, इद्दत, पत्नीचे दागिने व सामान आणि मुलांचा खर्च स्पष्ट लिहावा. मुलांचा हक्क मुलांचा असतो. आईने थकून ‘माफ’ म्हटले म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. पुढे सरकारी कागदपत्रांसाठी किंवा पुनर्विवाहासाठी पुरावा लागू शकतो. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यान्वये वैवाहिक स्थितीची घोषणा मागता येते. ती मागण्यात शरीअतला कमीपणा येत नाही.

संमतीने फारकत वैध होते. ती न्याय्य होण्यासाठी मात्र सबल बाजूने आपला हात आखडता घ्यावा आणि दुर्बल बाजूचे देणे न मागता पूर्ण करावे. जोडतानाच नव्हे, तर तोडतानाही न्याय करण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांस देवो. आमीन.