तीन शिफ्टची खोली

चाकणमधल्या दहा बाय दहाच्या खोलीत किती माणसं राहतात, असं कुणी विचारलं तर उत्तर घड्याळ बघून द्यावं लागतं. फर्स्टवाले परत येतात तेव्हा सेकंडवाले निघून गेलेले असतात. नाईटवाला भर दुपारी तोंडावर चादर ओढून झोपलेला असतो. त्याची गादी रात्री दुसऱ्याची असते. सुट्टीसुद्धा सगळ्यांची एका दिवशी नसते. अशा खोलीत सहा जण मावतात, कारण ते कधीच सहा नसतात.

हे मला माहीत असायला हवं होतं. आमच्या वाडीतल्या इतरांसारखीच आमचीही काही जमीन एमआयडीसीत गेली आणि उरलेल्या तुकड्यावर वडिलांनी बारा खोल्या काढल्या. वर पत्रा, पुढे ओटा, टोकाला चार संडास. पोरं लातूर-नांदेडकडची, यवतमाळची, बिहारची. कुणी आयटीआय झालेलं, बहुतेक ठेकेदाराकडे. मी दर महिन्याला भाड्याची वही लिहीत होतो. नावं लिहिलेली होती, पण माणसं एकदम अशी पाहिलेली नव्हती.

ती पाहिली 22 मार्च 2020 ला. जनता कर्फ्यूचा रविवार. संध्याकाळी पाचला थाळ्या वाजवायच्या म्हणून सगळी ओट्यावर आली. कोपऱ्यातल्या खोलीतून सहा जण निघाले आणि त्यांच्याकडे ताटं तीन. बाकीचे तिघे टाळ्या वाजवत होते. कुणी त्यावर हसलंही. तीन ताटांत सहा जणांचं आजवर व्यवस्थित भागत होतं. जेवायला सगळे एका वेळी बसण्याची वेळच आली नव्हती. 25 मार्चपासून लॉकडाऊन लागला आणि ती वेळ रोज दोनदा येऊ लागली. त्यातून मेस बंद. ज्यांनी कधी भात लावला नव्हता ती पोरं छोट्या सिलिंडरवर खिचडी शिजवायला शिकली. आमची आई त्यांना ओट्यावरून, हात-दोन हात लांब उभी राहून, पाणी किती घालायचं ते सांगायची.

त्या दिवसांत पुरवण्यांतून लेख येत होते: घर नव्याने सापडलं, माणसाला एकांत मिळाला. लिहिणारे खोटं लिहीत नव्हते. त्यांना मिळाला असेल. आमच्याकडूनही कारखान्यांची धूळ बसल्यावर भामचंद्राचा डोंगर लख्ख दिसायला लागला होता. तुकोबा एकांतासाठी त्या डोंगरावर जात. एकांत हवा तर माणूस उठून कुठेतरी जातो, हे त्यातलं साधं गमक आहे. बाहेर पडायलाच बंदी असलेल्या सहा जणांच्या खोलीला आपण तो शब्द लावू नये.

‘घरीच राहा’ हा सल्ला शास्त्राच्या दृष्टीने बरोबरच होता, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्यात एक घर गृहीत धरलेलं होतं: सगळी माणसं एका वेळी आत असली तरी ज्यात प्रत्येकाला कोपरा उरतो असं. चाकणचं घर तसं कधी नव्हतंच. त्याचा निम्मा भाग कंपनीत होता. तिथे पंखा होता, कँटीन होतं, स्वच्छ संडास होता, आठ तास पाय मोकळे करायला जागा होती. कंपनी बंद झाली तेव्हा पोरांचा पगार अडकला हे सगळ्यांना दिसलं. अर्धं घर गेलं हे फारसं कुणाला दिसलं नाही. घरून काम करायचं म्हटलं तर लॅपटॉप घरी आणता येतो, प्रेसची डाय कशी आणणार?

कायदा मात्र जुनाच निघाला. मार्च 2020 मध्ये राज्याने जो साथरोग कायदा लागू केला तो 1897 चा, प्लेगच्या साथीतला. तेव्हा पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी हुडकत आणि माणसांना छावणीत हलवत. त्या अपमानातून 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीत प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, आणि झाडणारे चापेकर बंधू इथल्याच चिंचवडचे. त्या वेळचा राग माणसांना घराबाहेर काढण्यावरचा होता. पण जुनी माणसं दुसरीही एक गोष्ट सांगत: उंदीर पडायला लागले की गावकरी आपण होऊन रानात झोपड्या घालून राहायचे. दाटीत रोग वाढतो, पांगलं की कमी होतो, एवढं त्यांना कळत होतं. 2020 मध्ये गावी पायी निघालेल्यांना टीव्हीवर बेजबाबदार म्हटलं गेलं, तेव्हा मला त्या झोपड्या आठवत होत्या. वाटेत रोग पसरण्याचा धोका खराच होता. पण सहा जणांच्या खोलीत राहणं हे पांगणं नव्हे, हेही तितकंच खरं होतं. 8 मे रोजी जालन्याहून निघालेले 16 मजूर करमाडजवळ रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले. ते मध्य प्रदेशातल्या आपापल्या गावीच निघाले होते.

केंद्राने 15 एप्रिलला उद्योग सुरू करण्यासाठी नियम काढले. त्यांत कामगारांच्या राहण्याची सोय शक्यतो कारखान्याच्या आवारात किंवा शेजारच्या इमारतीत करावी, असं म्हटलं होतं. ते वाचून वडील हसले. ‘म्हणजे आपल्या खोल्यांपेक्षा शेड बरी,’ असं म्हणाले. मला त्यात चूक दिसली नाही.

आमची बाजू सांगितल्याशिवाय हे लिहिणं अर्धवट राहील. 29 मार्चच्या आदेशात कामगारांकडून महिनाभर भाडं मागू नये असं होतं. आमच्या वाडीत त्याचा बराच काथ्याकूट झाला. खोल्यांवर कर्जं काढलेली होती, त्यांचे हप्ते होते. वडिलांनी मात्र एप्रिलचं भाडं कुणाकडे मागितलं नाही. ओट्यावर उभं राहून तसं सांगितलं, पोरांनी हात जोडले. मे महिन्यात मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वेगाड्यांत नावं लागली तशा एकेक करून नऊ खोल्या रिकाम्या झाल्या. चाव्या देताना प्रत्येकाने डिपॉझिट मागितलं. त्यातून एप्रिलचं भाडं आम्ही वळतं करून घेतलं. वही मीच लिहिली.