दोघांमधला तिसरा

रंगमंचावर दोनच पात्रे असली म्हणजे नाटक सर्वांत अवघड होते. तिसरे पात्र असते तेव्हा ते समजूत घालते, निरोप पोहोचवते, निदान विषय तरी बदलते. दोघांच्या नाटकात अशी पळवाट नसते. त्यांच्या बोलण्याला, दुखावण्याला आणि अबोल्याला साक्षी एकच, तो म्हणजे प्रेक्षक. दोघांमधला तिसरा तोच. या तिसऱ्याचे कर्तव्य काय, एवढाच प्रश्न आज वाचकांपुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे.

आपल्या वऱ्हाडाला नाटकाचे वेड जुने आहे. १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी अमरावती-अकोल्याकडील हौशी मंडळी कचेऱ्या आणि शाळा सुटल्यावर रात्ररात्र तालमी करीत आली. काही वर्षांपूर्वी अमरावतीत एका शाळेच्या सभागृहात अशाच मंडळींचा एक छोटेखानी प्रयोग आम्ही पाहिला. दोन खुर्च्या, एक टेबल, पती आणि पत्नी. प्रेक्षक जेमतेम साठ. पहिल्या अंकात आम्ही मनोमन पतीला दोषी ठरविले. दुसऱ्या अंकात दोषाचे पारडे पत्नीकडे झुकले. पडदा पडला तेव्हा निवाडा देण्याची इच्छाच उरली नव्हती. परतताना मन मात्र अमरावतीत नव्हते. ते अकोल्याच्या एका जुन्या दुपारी जाऊन थांबले होते.

तेव्हा आम्ही तरुण होतो. एक जोडपे आमच्याकडे आले. पती शांतपणे, मुद्देसूद बोलला. पत्नी रडत, अडखळत बोलली. आम्ही अर्ध्या तासात निवाडा दिला आणि तिला सहनशीलतेचा उपदेश केला. ती 'बरं, फादर' म्हणून उठली आणि पुन्हा कधी आमच्याकडे आली नाही. आपले गेलेले मूल त्या घरात कोणी नावानेही काढू देत नव्हते, हे तिचे खरे दुःख आम्हांस दोन वर्षांनी दुसऱ्याकडून कळले. आम्ही तिचे शब्द ऐकले होते. तिच्या थांबण्याचा अर्थ ऐकला नव्हता. प्रेक्षागृहात दीड तास धीर धरणारे आम्ही, जिवंत माणसांपुढे अर्धा तासही धीर धरू शकलो नाही, ही बोच आजही गेलेली नाही.

याहून कठीण उदाहरण आपल्या विदर्भानेच मराठी रंगभूमीला दिले. यवतमाळ जिल्ह्यातील पारव्यात १९३९ साली जन्मलेले महेश एलकुंचवार यांचे 'वासनाकांड' हे नाटक जवळजवळ सारे दोनच पात्रांवर उभे आहे. ती पात्रे भाऊ आणि बहीण, आणि त्यांच्यातील संबंध निषिद्ध. १९७०च्या दशकात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने त्यास हरकत घेतली आणि दिग्दर्शक अमोल पालेकर यांना नाटकासाठी झगडावे लागले. असे नाटक सर्वांपुढे, मुलांपुढे करावे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि ते दाखवते ते पाप आहे, एवढे म्हणून पुस्तक मिटणे सोपे आहे. पाप करणारी माणसेच असतात, हे कळण्यासाठी शेवटच्या पानापर्यंत बसावे लागते.

चुकीचा तिसरा दोन प्रकारचा असतो. एक दार लावून घेतो. दुसरा दाराच्या फटीला डोळा लावतो. पहिल्याला आपली शुचिता जपायची असते, दुसऱ्याला ओट्यावर सांगायला गोष्ट हवी असते. दोघांनाही आतल्या माणसांशी कर्तव्य नसते.

वाचक विचारतील, मग समजून घेणे म्हणजे क्षमा करून मोकळे होणे काय? योहानाच्या शुभवर्तमानातील व्यभिचारी स्त्रीचा प्रसंग आठवावा. दगड घेऊन आलेले एकेक करून निघून जातात आणि शेवटी दोघेच उरतात. संत ऑगस्टीन यांनी त्या दोघांत दैन्य आणि दया समोरासमोर उभी पाहिली. येशू तिला दोषी ठरवीत नाही, आणि पुन्हा पाप करू नकोस असेही सांगतो. मात्र हे सांगतो तो गर्दी पांगल्यावर, तिच्याजवळ थांबून. आधी सोबत, मग शब्द. आम्ही अकोल्यात हा क्रम उलटा केला होता.

पुढे पोप जॉन पॉल दुसरे झालेले कारोल वोयतिवा तरुणपणी, जर्मन अंमलाखालील क्राकुव शहरात, घराघरांतून गुप्तपणे होणाऱ्या नाटकांत काम करीत. १९६० साली त्यांनी टोपणनावाने विवाहावर 'सोनाराचे दुकान' अशा अर्थाच्या नावाचे नाटक प्रसिद्ध केले. त्यात पतीपासून मनाने दुरावलेली एक स्त्री लग्नाची अंगठी विकायला जाते. सोनार ती तोलतो, पण काटा हलत नाही. पती जिवंत आहे, म्हणून एकट्या अंगठीला वजनच नाही. सोनार त्या स्त्रीला दोष देत नाही. तो तराजू दाखवतो आणि अंगठी परत करतो.

आपल्या धर्मग्रामातही भिंतीपलीकडे आवाज चढतात. त्या घरी कधी जाण्याची वेळ आली, तर निवाडा उंबऱ्याबाहेर ठेवून आत जावे, दोघांचे शेवटपर्यंत ऐकावे, आणि बोलता बोलता एखादी बहीण मध्येच थांबली, तर आपणही थांबावे.