नाव आणि ओळख

एखादी अपरिचित वस्तू ‘ओळखली’ असे आपण केव्हा म्हणतो? बहुधा तिला नाव मिळाले की आपले समाधान होते. वस्तुतः नाव देणे ही ओळखण्याची सुरुवात असते, आणि कित्येकदा तोच त्या मार्गातील अडथळाही ठरतो. अँटिकिथेरा येथील यंत्राचा इतिहास या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे.

क्रीटच्या वायव्येस असलेल्या या लहानशा ग्रीक बेटाजवळ १९०० साली स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना एक प्राचीन जहाज बुडालेले आढळले. ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले. त्यातून वर आलेल्या कांस्य आणि संगमरवरी मूर्तींनी साहजिकच सर्वांचे लक्ष वेधले. गंजून दगडासारखा झालेला एक गोळा मात्र अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात दुर्लक्षित राहिला. १९०२ मध्ये व्हॅलेरिओस स्ताइस यांना त्या तडकलेल्या गोळ्यात एक दातेरी चाक दिसले, आणि लगेच नावांचा वाद सुरू झाला. कोणी त्याला अस्त्रोलेब म्हटले, तर कोणी ग्रहगती दाखविणारे यंत्र. इतकी गुंतागुंतीची दातेरी रचना त्या काळची असूच शकत नाही, ती नंतर केव्हातरी तेथे पडली असावी, असाही एक तर्क होता.

हा शेवटचा तर्क मला सर्वांत बोलका वाटतो. आर्किमिडीजने सूर्य, चंद्र आणि ग्रह यांच्या गती दाखविणारे गोलयंत्र घडविले होते, हे सिसेरोने लिहून ठेवले आहे. तो मजकूर विद्वानांच्या वाचनात होताच; तरी त्याकडे वक्तृत्वाचा अलंकार म्हणून पाहण्याची सवय जडली होती. ग्रंथ होता तेव्हा वस्तू नव्हती, आणि वस्तू मिळाली तेव्हा ग्रंथावर विश्वास उरला नव्हता. मृतांना आपल्यापेक्षा कमी येत असणार, हे येथे गृहीतच धरलेले होते. (आपल्याकडे नेमका उलटा दोष आढळतो. काव्यात विमान आले की ते आकाशात उडालेच होते, असे सिद्ध करण्याची आपल्याला घाई होते. अविश्वास काय किंवा भाबडेपणा काय, दोघांनाही वस्तूची गरज भासत नाही.)

१९५९ मध्ये डेरेक द सोला प्राइस यांनी या यंत्राला ‘प्राचीन ग्रीक संगणक’ म्हटले. या नावाने यंत्राला कीर्ती मिळवून दिली, हे मान्यच करावे लागेल. पण ते विसाव्या शतकाच्या मध्याचे नाव होते. त्या काळाला ज्या गोष्टीचे कौतुक, तेच त्याने गंजलेल्या कांस्यात पाहिले. पुढे क्ष-किरण छायाचित्रांच्या आधारे प्राइस यांनी १९७४ मध्ये सविस्तर मांडणी केली. त्यांनी कल्पिलेली विभेदक दातेरी रचना नंतरच्या अभ्यासात टिकली नाही. त्यामुळे त्यांचे ऋण कमी होत नाही. इतक्या निश्चितपणे त्यांनी मांडले, म्हणून तर पुढच्यांना खोडून काढण्यासारखे काही हाती आले.

२००५ मध्ये ते नाजूक तुकडे हलविण्याऐवजी आठ टनांचे क्ष-किरण यंत्रच इंग्लंडहून अथेन्सला नेण्यात आले. एकूण ८२ तुकडे, त्यांत ३० चाके. एका मोठ्या चाकाचे दाते २२३ निघाले. २२३ चांद्रमासांनंतर ग्रहणांचा क्रम पुन्हा येतो, हे बाबिलोनी ज्योतिषांचे ज्ञान. आणखी एका ठिकाणी किंचित सरकलेल्या आसांची दोन चाके एक खुंटी आणि एक खाच यांनी जोडलेली आहेत, त्यामुळे चंद्राचा दर्शक कधी जलद तर कधी मंद फिरतो. आकाशातला चंद्रही तसाच चालतो. आणि ७६ वर्षांच्या कालचक्राची मानली गेलेली एक छोटी तबकडी २००८ मध्ये वाचली गेली, तेव्हा तिच्यावर ऑलिंपियासह ग्रीक क्रीडास्पर्धांची नावे आढळली! निव्वळ खगोलशास्त्र शोधणाऱ्यांची ती अपेक्षा नव्हती. ग्रहणाची तिथी आणि खेळांचे वर्ष एकाच पेटीत ठेवणाऱ्या माणसाला ‘शास्त्रज्ञ’ हे आपले नाव कितपत लागू पडेल?

संहितेचे संपादन करणाऱ्यास हा अनुभव नवा नाही. फाटलेल्या पोथीतील गाळलेली अक्षरे भरताना अर्थ लागतो म्हणून पाठ खरा ठरत नाही. आपण भरलेले कंसात ठेवावे लागते. या यंत्राचा पुढचा भाग, जेथे ग्रह फिरत असावेत, जवळजवळ सर्वच नष्ट झाला आहे. २००६ च्या मांडणीत एका सुट्या तुकड्यातील ६३ दातांच्या चाकाला जागाच नव्हती. ते कशाचे, हे ठाऊक नसल्याचे मान्य करून अभ्यासकांनी ते बाजूला ठेवले. २०२१ मध्ये लंडनच्या अभ्यासकांनी पुढच्या भागाची जी संपूर्ण रचना सुचविली, तीत त्याला ग्रहांच्या बाजूस जागा दिली आहे. ती जागा अद्याप कंसातच आहे.