सरोवराकाठी आनंदी कोण?

मेच्या मध्यावर दिल्लीतल्या शाळांना सुट्टी लागते आणि सरोजिनी नगरसारख्या सरकारी वसाहतींमधल्या मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते. यंदा कुठे जायचे? एके काळी या प्रश्नाला एकच उत्तर होते. झेलम एक्सप्रेसची तिकिटे काढायची आणि गावी जायचे, आजीकडे, मामाकडे, आमरसाच्या ताटावर. आता गावची घरे बंद होत चालली आहेत. त्यामुळे अनेक कुटुंबे रात्रीच्या गाडीने काठगोदामला उतरतात आणि घाट चढून नैनिताल, भीमताल, सातताल किंवा नौकुचियातालच्या काठी चार-पाच दिवस राहतात.

तिथे काय आवडते, असे मुलांना विचारले तर उत्तरे भराभर येतात. होडीत बसणे, चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जाईल असा फेकणे, सकाळी धुके वर उठताना पाहणे, रात्री सगळ्यांनी एकाच खोलीत गप्पा मारत झोपणे. हे सगळे गोडच आहे. पण साधनेच्या वाटेवर चालणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनात एक शंका येते. हा आनंद खरा की नुसता विसर? वर्षभर दमलेल्या मनाला चार दिवस गुंगी देणे म्हणजेच विश्रांती का? काहींना अशी मौज साधकाला शोभत नाही असे वाटते. काही म्हणतात, वर्षभर कष्ट केले, आता हा माझा हक्क आहे.

या शंकेचे उत्तर शोधताना महाभारतातले एक सरोवर आठवते.

वनपर्वाच्या शेवटी, बारा वर्षांचा वनवास सरत आला असताना, पांडव एका हरणामागे धावून थकतात. तहानेने जीव कासावीस होतो. नकुल झाडावर चढून पाणी कुठे आहे ते पाहतो आणि सरोवराकाठी येतो. तिथे त्याला आवाज ऐकू येतो. हे सरोवर माझे आहे, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरे दे, मग पाणी पी. नकुल आवाजाकडे दुर्लक्ष करून पाणी पितो आणि कोसळतो. सहदेव, अर्जुन, भीम यांचेही तेच होते. शेवटी युधिष्ठिर येतो. तोही तितकाच तहानलेला असतो, पण तो थांबतो आणि ऐकतो.

यक्ष अनेक प्रश्न विचारतो. त्यांतला एक आपल्या कामाचा आहे. आनंदी कोण? युधिष्ठिर सांगतो की जो स्वतःच्या घरी, उशिरा का होईना, साधी भाजी शिजवून खातो, ज्याच्यावर कोणाचे ऋण नाही आणि ज्याला घर सोडून प्रवासात राहावे लागत नाही, तो आनंदी.

हे उत्तर कोण देतो आहे ते पाहा. ज्याला बारा वर्षे घर नाही, ज्याचे भाऊ समोर निपचित पडले आहेत, तो एका सुंदर सरोवराच्या काठी उभा राहून म्हणतो की आनंद घरी असतो. मग आपण घरची भाजी सोडून सरोवराकाठी कशासाठी जातो?

आधी त्याच्या शब्दांचा सरळ अर्थ घेऊ. कर्ज काढून केलेली सहल पुढचे सहा महिने हप्त्यांच्या रूपाने उशाशी येऊन बसते. शेजारी काश्मीरला गेले म्हणून आपणही जायचे, यात तर ऋणही आहे आणि मत्सरही. ऐपतीत बसेल तेवढेच करावे, हा या उत्तरातला पहिला आणि रोकडा धडा. तो ओलांडून एकदम अध्यात्मात उडी मारू नये.

आता ‘घर’ या शब्दाकडे वळू. सरकारी क्वार्टरमध्ये राहिलेल्यांना हा शब्द कसा निसटतो ते ठाऊक आहे. निवृत्ती आली की किल्ली परत करावी लागते. सरोजिनी नगरच्या कितीतरी जुन्या क्वार्टर आता पाडल्या गेल्या आहेत. ज्या अंगणात मुले वाढली ते अंगणही तिथे नाही. तेव्हा घर म्हणजे केवळ भिंती असतील, तर युधिष्ठिराच्या व्याख्येतला आनंद आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला येईल. पण जिथे असताना दुसरीकडे कुठे जावेसे वाटत नाही, तेही घरच. मन जिथे आहे तिथेच टेकले, तर माणूस प्रवासात असूनही प्रवासी राहत नाही.

सरोवराकाठच्या कोणत्या गोष्टी खरोखर आवडतात, हे या कसोटीवर नीट कळते. होडी मध्यावर नेऊन वल्ही थांबवली की पाण्याचे थेंब टपटपतात आणि मग तेही थांबतात. त्या क्षणी कोणालाच कुठे जायचे नसते. पण हात फोनकडे गेला आणि ‘हा फोटो कोणाला पाठवू’ असा विचार आला, की देह होडीत राहतो आणि मन दिल्लीला पोहोचते. फोटो काढणे पाप नाही. मन निघून गेले हे कळले, तरी पुरे. बसून केलेल्या ध्यानातही आपण हेच तर शिकतो.

नौकुचियातालला नऊ कोपरे आहेत, आणि ते सगळे एकाच नजरेत ज्याला दिसतील त्याला मोक्ष मिळतो, असे तिथले लोक सांगतात. मुले काठावर धावत कोपरे मोजत बसतात. कोणाला सगळे दिसत नाहीत, तरी कोणी खट्टू होत नाही. काही मिळवण्यासाठी नसलेला खेळ मनाला किती मोकळे करतो, हे मोठ्यांनी मुलांकडून शिकावे.

राहिले ऋण. पैशाचे फेडता येते, पण सरोवराचे? नैनी तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटर उंचीवर आहे, आणि नैनिताल शहर त्याचेच पाणी पिते. पाहुण्यांची गर्दी सर्वाधिक होते ती उन्हाळ्यात, नेमकी पाणी उतरते तेव्हाच. २०१७ च्या उन्हाळ्यात पातळी इतकी खाली गेली की काठचा गाळ उघडा पडला. जवळच सूखाताल नावाचा खोलगट भाग आहे. पावसाळ्यात तिथे साठलेले पाणी जमिनीतून मुरत नैनी तलावाला मिळते. अशा जागी बांधकाम वाढले, राडारोडा पडला की तलावाचे पोट रिकामे राहते. सांडपाण्यामुळे तळाशी प्राणवायू कमी पडू लागला, म्हणून २००७ पासून तलावात यंत्रांनी हवा सोडावी लागते. ज्या पाण्याकाठी आपण मोकळा श्वास घ्यायला जातो, त्याला स्वतःच्या श्वासासाठी यंत्राचा आधार लागतो.

म्हणून त्या यक्षाचा आवाज आजही ऐकण्याजोगा आहे. नकुलाची तहान खोटी नव्हती, आपलीही नाही. तहान लागणे हा दोष नव्हे. दोष आहे तो आवाज ऐकूनही न थांबण्यात. बादल्या भरभरून आंघोळ करताना, प्लास्टिकची बाटली काठावर ठेवून निघताना तो आवाज म्हणतो, आधी उत्तर दे. हक्क म्हणून घेतलेली विश्रांती आणि देणगी म्हणून स्वीकारलेली विश्रांती यांत फरक इथेच पडतो. देणगी घेणारा हात आपोआप जपून वागतो.

कथेचा शेवट कुटुंबासाठी आहे. यक्ष प्रसन्न होऊन एका भावाला जिवंत करायला तयार होतो. युधिष्ठिर भीम-अर्जुनाला सोडून नकुलाला मागतो. कुंतीचा एक मुलगा मी आहे, माद्रीचाही एक असावा, एवढाच त्याचा विचार. स्वतःच्या तहानेतही त्याला अनुपस्थित आईचा वाटा आठवला. आपल्या सहलीत कोणाचा वाटा विसरला जातो? बॅगा भरणारी, औषधे आठवणारी, खोलीवरच्या किटलीत सगळ्यांचा चहा करणारी आई सुट्टीवर असते का? गुडघे दुखतात म्हणून आजोबांना खोलीवर ठेवून सगळे उंच टेकडीवर जातात, तेव्हा ती सुट्टी कुटुंबाची उरते का? एक दिवस मुलांनी आणि बाबांनी चहा-नाश्त्याचे पाहावे, आईने नुसते पाण्याकडे बघत बसावे. एक संध्याकाळ सगळ्यांनी आजोबांच्या चालीने काठाकाठाने फिरावे. ही सेवाच आहे, आणि तिला वेगळे शिबिर लागत नाही.

यंदा निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी मिळून तीन गोष्टी ठरवाव्यात. खर्च ऐपतीत राहील. रोज अर्धा तास सगळे पाण्याकाठी काही न बोलता, काही न टिपता बसतील. आणि काठावरून उठताना आपला कचरा आपल्याबरोबर येईल, शेजारी पडलेला एखादा कागदही. एवढे जमले तर परतल्यावर, गॅसवर साधी भाजी शिजत असताना, त्या घरातही तोच आनंद भेटेल. तो तिथे होताच. फक्त त्याच्यासमोर थांबायला आपण सरोवराकाठी शिकलो.