रेवड्यांवरची कुस्ती

टेंभुर्णीत कुणालाही सांगा की मी पहाटे तालमीत जातो, पहिला प्रश्न ठरलेला : "कुठलं मैदान मारायचंय?" मी एकतीस वर्षांचा, ठिबकच्या पाइपांचं दुकान चालवतो. मैदान मारायचं नाही म्हटलं की दुसरा प्रश्न येतो, "मग अंग कशाला मोडून घेतोस?"

प्रश्न चुकीचा नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीतून कांस्यपदक आणलं, १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची कुस्ती सुरू झाली, आणि कुस्ती म्हणजे कुठंतरी पोचायचा रस्ता हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं. पोरगं तालमीत घालायचं म्हणजे दूध, तूप, बदाम. हा खर्च इनामातून नाहीतर भरतीतून निघावा असं घरच्यांना वाटणारच. माझी कुस्ती त्या हिशेबात कुठंच बसत नाही.

मग ती नुरा कुस्ती आहे का? नाही. नुरा कुस्तीत निकाल आधी ठरतो आणि बघणाऱ्याला फसवलं जातं. आमच्यात काहीच ठरलेलं नसतं आणि बघायला कुणी नसतं.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं १९७८ साली एका पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा : गरज नसलेले अडथळे आपणहून अंगावर घ्यायचे आणि ते पार करायची धडपड करायची. मला हे मातीत पटलं. एखाद्याची पाठ नुसती जमिनीला लावायचीच असेल, तर तो झोपल्यावरही लावता येईल. मजा त्याच्या विरोधात आहे. तो पट काढायला येतो, मी मागं सरकतो, दोघांचीही ताकद पणाला लागते. विरोध करणारा तो नसेल, तर माझा आनंदही नाही.

पण हे मला नीट कळलं ते एका चुकीमुळं.

माझा जोडीदार शाळेत मास्तर आहे. एका सकाळी मी उधारीच्या भांडणाचा राग डोक्यात घेऊन आखाड्यात उतरलो. तो खाली होता, त्याचा हात मी मागं ओढून धरला. तो "थांब" म्हणाला. मला ऐकू आलं होतं. तरी क्षणभर सोडला नाही. पुढचे तीन आठवडे त्याला फळ्यावर लिहिताना हात वर नेता येईना.

मैदानात पंच असतो, नियम असतात, चारचौघं बघत असतात. आमच्या खेळात त्याच्या खांद्याची राखण करणारा फक्त मीच होतो. त्यानं अंग माझ्या हवाली केलं होतं, ते लढाईसाठी नव्हे. त्या क्षणी मी खेळ सोडून भांडत होतो, आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

तो परत आला. आधीसारखीच सलामी दिली, आधीसारखीच मान माझ्या हाताखाली दिली. मला इतकी लाज वाटत होती की दोन मिनिटांत मी मुद्दाम पडलो. तो उठला, माती झटकली आणि म्हणाला, "मला रेवड्या वाटू नकोस."

जत्रेत लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, म्हणून तो तसं म्हणाला. रागात हात न सोडणं आणि दयेनं पडणं, या दोन्ही वेळी मी एकटाच काहीतरी ठरवून बसलो होतो. दोन्ही वेळी समोरच्याला जोड मानलं नव्हतं.

म्हणजे हौसेची कुस्ती सोपी नाही. पूर्ण जोर लावायचा, आणि "थांब" ऐकायला कानही उघडे ठेवायचे. बक्षीस नसल्यामुळं या दोन गोष्टी सांभाळायला बाहेरचं कुणी नसतं.

जत्रेतल्या त्या पोरांकडं मी आता वेगळ्या नजरेनं बघतो. इतक्याशा रेवड्यांसाठी ती दात-ओठ खाऊन झोंबतात, आणि कुस्ती सुटली की दोघं मिळून त्याच रेवड्या खात खात पुढची कुस्ती बघायला पळतात.

उद्या सकाळी मास्तर येणार आहे. गेल्या आठवड्यात त्यानं मला तीनदा चितपट केलं. तिन्ही वेळा मी खराच पडलो.