नळाखालचं पातेलं

लातूर

चि. छकुलीस आजीचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, पुण्याच्या घरातला सिंकचा नळ आठ दिवस गळतोय, टपटपीने झोप लागत नाही म्हणून त्याला फडकं बांधलंय, आणि आता नवा नळच मागवून टाकतेस. एवढ्यात नको गं मागवू. आधी ते फडकं सोड आणि खाली पातेलं ठेव. रात्री दहाला ठेवलेलं सकाळी सहाला मोज आणि त्याची तिप्पट कर, म्हणजे दिवसाला किती पाणी जातंय ते कळेल. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. पातेल्यातलं पाणी तू कुंड्यांना घालशीलच, ते मी सांगायला नको.

तू लहान होतीस, पण तुला आठवत असेल, २०१६च्या उन्हाळ्यात आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर. त्या दिवसांत भाजी धुतलेलं पाणी तुळशीला आणि भांडी विसळलेलं संडासाला, असा माझा नेम होता. तेव्हापासून रात्री कुठे नळ टपकला की मला अंथरुणात पडवत नाही.

नळ तूच दुरुस्त करणार आहेस हे घरमालकांच्या कानावर घाल आणि त्यासाठी रविवारी पहाटे ऊठ. उशिरा उठलीस की घाई आली, आणि तुझ्याबद्दल मला काळजी आहे ती तेवढीच, बाकी तू गुणाची पोर आहेस. आधी पाणी बंद करायचा कॉक शोध. सिंकखाली नसेल तर न्हाणीघरात वर असेल. वर्षानुवर्षं कुणी फिरवलेला नसतो तो, म्हणून अडला तर हिसका देऊ नकोस, जरा पुढे, जरा मागे, असा हळूहळू मोकळा कर. मग नळ उघडा ठेवून पाइपात उरलेलं पाणी निथळू दे. सिंकच्या भोकावर वाटी पालथी घाल, बारका स्क्रू नेमका तिथेच पडतो. आणि पान्याच्या तोंडाला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळ (तुझ्या बॅगेत मी दोन घातल्या आहेत), म्हणजे नळावर ओरखडे येणार नाहीत.

नळ तीन-चार वेढे घेऊन बंद होत असेल तर आत वायसर असतो. तो काढून उजेडात धर आणि नखाने चाचपून बघ. रबर कडक झालेलं असेल आणि त्यावर गोल खाच पडलेली असेल, घट्ट बांगडीचा मनगटावर वळ उठतो ना, तशी. गळतो म्हणून आपण नळ रोज जास्त जोराने आवळतो आणि ती खाच रोज खोल होत जाते. पाच-दहा रुपयांची वस्तू गं ती! पाव वेढ्यात बंद होणारा नवा नळ असेल तर त्यात वायसर नसतो, चिनी मातीच्या चकत्यांचा स्पिंडल असतो. वायसर असो की स्पिंडल, जुना सोबत घेऊनच दुकानात जा. दिसायला सारखे असले तरी स्पिंडलचे आटे नि दाते वेगवेगळे असतात. दुकान उघडेपर्यंत सावकाश चहा घे.

जोर लावायचा नाही, हे मी सारखं का सांगते, ऐक. तुझ्या बाबांच्या मुंजीच्या आदल्या दिवशी न्हाणीतला नळ गळत होता. पाहुणे यायचे होते, मी पाना घेतला आणि एका दमात फिरवला. जुना लोखंडी पाइप, आतून गंजलेला. नळ बसतो तो निपल भिंतीतच तुटला, घरभर पाणी झालं आणि तो तुकडा काढायला दोन फरशा फोडाव्या लागल्या. गंजलेल्या आट्यांवर आधी थोडं तेल सोडून तासभर थांबले असते तर ती भिंत वाचली असती.

न्हाणीच्या भिंतीला ओल आलीय असंही ओझरतं म्हणालीस. तिला हात लावू नकोस. ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढ, बाजूला तारीख घाल, आणि आठ दिवस नुसती बघ. रात्रंदिवस वाढत असेल तर पाण्याने कायम भरलेला पाइप गळतोय, आणि अंघोळीनंतरच वाढत असेल तर सांडपाण्याची जाळी नाही तर तिचा जोड. पाणी मुरतं एकीकडे नि दिसतं दुसरीकडे. प्लंबरला ती रेघ दाखवलीस तर तो नेमकी तेवढीच फरशी काढील.

रविवारी काम झालं की फोन कर, आणि तो जुना वायसर टाकू नकोस. दिवाळीला येताना घेऊन ये, मला त्याची खाच बघायची आहे.

तुझी,
आजी